हजार कार्डांना कुंकू

मंगळवार पेठेत आमच्या घराला लागून आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, लेथचा कारखाना होता. हातात धरता येत नाही ते काम नव्हे, असं त्यांचं सरळ मत. आणि मी काय करत होते, तर दोन कृष्णविवरं एकमेकांवर आपटली की त्यातून गुरुत्वलहरी कशा निघतील, याचं गणित कॉम्प्युटरवर मांडत होते. कृष्णविवर दिसत नाही, लहरी अजून कुणाला सापडलेल्या नाहीत आणि कॉम्प्युटर तिकडे लांब पुण्यात. हे सगळं मी त्यांना खरंखरं सांगून टाकलं, तिथेच चुकलं.

त्यात कागलचं एक स्थळ होकारासाठी खोळंबलेलं. शेवटी आबांनी तोडगा काढला. दसऱ्याला पुण्याच्या मशीनवर माझा नंबर होता. त्या दिवशी धडक झाली तर पुढे शिकायचं, नाहीतर कागलला हो म्हणायचं. सणाच्या दिवशी मशीन कुणाला नको असतं, म्हणून तर ते दोन तास माझ्या वाट्याला आले होते. मी लगेच कबूल झाले. तेव्हा मला माझ्या गणिताचा फार माज होता.

माझा अख्खा प्रोग्राम म्हणजे भोकं पाडलेली हजारभर जाड कार्डं. एका कार्डावर एक ओळ, आणि क्रम मोडला की सगळंच मुसळ केरात. कार्डांच्या पेटीला हात लावाल तर याद राखा, असा दम मी घरात सगळ्यांना दिला होता.

खंडेनवमीला कारखान्यात हत्यारांची पूजा असते. त्या दिवशी मी कामानिमित्त बाहेर होते. परत आले तर पाने-पकडींच्या शेजारी माझी पेटी, तिच्यावर झेंडूचा हार. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं निघालो. आबांनी पेटी पुण्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवली नाही.

पुण्यात ऑपरेटरनं झाकण उघडलं आणि तो बघतच राहिला. कार्डांना हळदीकुंकू लावलेलं. नुसतं वरच्या कार्डाला नव्हे, प्रत्येकाला. ओल्या बोटानं, क्रम जराही न मोडता. आबांनी त्यात सबंध दुपार घालवली असणार. भोकं बुजली होती, कार्डं फुगली होती.

ही मशीनमध्ये अडकतील, असं ऑपरेटर शांतपणे म्हणाला.

"पावणं, एकाला लावायचं आन् बाकीच्यास्नी न्हाय, हे बरं दिसतंय व्हय?" आबा म्हणाले. "समदी एकाच कामाची हाईत की."

ऑपरेटर फडकी शोधायला लागला. मला तर रागानं रडूच फुटलं. मग आम्ही तिघं फरशीवर बसून कार्डं पुसायला लागलो. आबा टाचणीनं भोकं मोकळी करत आणि प्रत्येक कार्ड उजेडाला धरून, एक डोळा मिटून तपासत. सगळं होईतो माझ्या वेळातली वीस मिनिटं उरली होती.

कार्डं आत गेली. कागद छापून बाहेर येऊ लागला. विवरं जवळ येत होती, मी आकडे वाचून सांगत होते आणि आबा तालमीतली कुस्ती बघावी तसे पुढे सरकून बसले होते. अचानक आकडे भरमसाट वाढले आणि प्रोग्राम बंद पडला. कुंकवाचा काही दोष नव्हता. माझंच गणित धडकेच्या अलीकडे कोसळलं होतं.

खोटं बोलता आलं असतं. त्या कागदावरचं आबांना काय कळणार होतं? पण ज्या माणसानं हजार कार्डांची भोकं टाचणीनं साफ केली, त्याला फसवायला जीभ रेटेना.

"न्हाय धडकली, आबा. माझंच चुकलं."

आबांनी कागद बराच वेळ हातात धरला. किती अंतर राहिलं होतं, असं विचारलं. मी दोन बोटांत दाखवलं. मग ते उठून ऑपरेटरकडे गेले आणि पुढचा नंबर कधी मिळेल, याची चौकशी करू लागले. दिवाळीच्या पाडव्याला कुणी येत नाही, असं कळल्यावर त्यांनी तिथल्या तिथे माझं नाव लिहायला लावलं. मला विचारलंसुद्धा नाही.

"आन् कागलचं?" मी भीत भीत म्हटलं.

"सांगतो त्येस्नी," आबा म्हणाले. "पोरगी कामात हाय."