फिल्मचा कापलेला कोपरा

कल्याणच्या आमच्या कॉलेजात सगुणा प्रयोगशाळेतली काचेची भांडी धुवायची. खाडीवरच्या कोळीवाड्यातली, नवऱ्यामागे दोन पोरी वाढवणारी. सात वर्षं हंगामी होती आणि कायम व्हायची वाट बघत होती. वनस्पतिशास्त्राचे ओलतीकरसर तिने धुतलेल्या काचेला नाक लावून म्हणायचे, "बोंबलाचा वास येतोय." आम्ही तरुण लेक्चरर हसायचो. ते हसणं आठवलं की आजही तोंड कडू होतं.

अठ्ठ्याऐंशी साली सरांनी खाडीतल्या हिरव्या शेवाळावर काम काढलं. शेवाळ आणलं सगुणाने, मोडक्या मिठागरात गुडघाभर चिखल तुडवून, दुधाच्या किटलीतून. शेवाळ उन्हावर अन्न तयार करतं, ते त्याच्या पेशीतल्या हरितकणांत. तिथल्या एका जनुकाची अक्षरं सरांना क्रमाने वाचायची होती. यंत्रं मुंबईच्या एका संस्थेत होती. सर आणि सगुणा तिकडे जाऊन एक्स-रेसारख्या फिल्म घेऊन यायचे. फिल्मवर चार रांगा, प्रत्येक रांग एका अक्षराची, आणि त्यांत काळ्या रेघा. मी रेघा बघून अक्षरं सांगायचो, सर लिहून घ्यायचे. फिल्म उलटी धरली तर रांगांची अदलाबदल होते आणि एकूण एक अक्षर चुकतं. म्हणून संस्थेच्या अंधाऱ्या खोलीतच सगुणा प्रत्येक फिल्मचा उजवा वरचा कोपरा कापून खूण करायची. त्यात ती कधी चुकली नाही.

सरांना टापटिपीची भारी हौस. छापायला फोटो देखणा यावा म्हणून त्यांनी एका फिल्मच्या कडा कापून ती चौकोनी केली. खूण गेली. ती फिल्म मी उलटी वाचली आणि जनुकाच्या मधोमध दीडशे अक्षरांचा असा तुकडा निघाला, की त्याचा कशाशीच मेळ बसेना. शहाण्याने फिल्म पुन्हा तपासली असती. सरांनी पेढे वाटले. जगातल्या कुठल्याच शेवाळात नसलेला तुकडा आपल्या खाडीत सापडला म्हणे!

दुसऱ्या दिवशी सगुणा कचऱ्याच्या डब्यातून ती कापलेली कड घेऊन आली. मी वाचताना धरली होती तशीच फिल्म ठेवून तिने ती कड तिला लावली. कात्रीचा वाकडा काप तंतोतंत जुळला आणि कोपऱ्याची खूण डावीकडे आली.

"सर, ही उलटी हाय," ती म्हणाली. "कोपरा मीच कापलेला, उजवीकडं."

सरांनी ती कड दोन बोटांत धरून बेसिनमध्ये टाकली आणि साबणाने हात धुतले. "तुम्ही भांडी बघा, सगुणाबाई."

पेपर छापून आला, हारतुरे झाले. दीड वर्षाने परदेशातून पत्र आलं: आम्हाला तो तुकडा सापडत नाही, मूळ फिल्म पाठवा. सरांनी प्रिन्सिपॉलना लिहून दिलं, की मदतनीस बाईच्या निष्काळजीपणामुळे फिल्म खराब झाल्या. खाली साक्षीदार म्हणून माझी सही हवी होती. मलाही कायम व्हायचं होतं. मी सही केली. सरांची मला किळस येते, पण पेन माझ्याच हातात होतं.

सगुणाला काढलं. चूक दुरुस्त करणारं पत्र सरांनी पाठवलंच नाही. "लोक विसरतात," म्हणाले. लोक विसरलेही.

शहाण्णव साली ती मला कल्याणच्या बाजारात दिसली, सुके बोंबील घेऊन बसलेली. मी मान खाली घालून निघत होतो, तिनेच हाक मारली. शिव्या खायच्या तयारीने मी थांबलो.

"गुरुदत्तसर, ती अक्षरं मागाहून सरळ केली का वो?"

"केली," मी म्हणालो.

"बरं झालं. आमच्या खाडीचं शेवाळ होतं ते. त्याच्या नावावर खोटं नको."

मी बोंबील मागितले. तिने ते बांधले आणि चांगली बातमी सांगितली म्हणून वर मूठभर जास्त घातले. मी तेही घेतले.