बायकोच्या पायांनी पाहिलेली हवेली

सिसिलीतली ती रोमन हवेली मी कुवेतमधल्या अबू हलीफातल्या आमच्या फ्लॅटमध्ये सोफ्यावर बसून पाहिली, बायकोच्या आणि मुलीच्या पायांनी. पाहिली म्हणजे, जेवढी दिसली तेवढी.

हट्ट माझाच. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, आणि पदवी घेतली ती इतिहासात. इतिहास शिकून कुवेतला स्टोअरकीपर झाला म्हणून गावात हसतात. हसू देत. बीएला असताना लायब्ररीतल्या एका जाड पुस्तकात मी त्या हवेलीच्या जमिनीची चित्रं पाहिली होती. नखाएवढे रंगीत दगड बसवून केलेले वाघ, बैलगाड्या, जहाजं. तेव्हापासून मनात होतं. मुलगी बारावी झाली, बेत ठरला, तिघांचे व्हिसा आले, आणि ऐन वेळी कंपनीनं शटडाऊनच्या, म्हणजे प्लांट बंद ठेवून करायच्या दुरुस्तीच्या, कामासाठी सगळ्यांच्या रजा रद्द केल्या. इथून देशाबाहेर जायला कंपनीची परवानगी लागते. ती मिळाली नाही. विषय संपला.

बायको म्हणाली, "तुम्ही नाही तर आम्ही कशाला जायचं? मला त्यातलं काय कळतंय? मोझेक आमच्या शाळेतही होतं. दर शनिवारी आम्हीच पुसायचो."

"जा," मी म्हटलं, "आणि मला दाखव."

हवेली बघायचा दिवस शुक्रवारचा ठरवला, कारण मला सुट्टी. नेमकी त्या दिवशी संकष्टी आली. बायकोला मधुमेह. गोळी चुकवून चालत नाही, आणि उपवास तिला चुकवायचा नसतो. सकाळी हॉटेलातून तिचा फोन आला तेव्हा विचारलं, "काय खाल्लंस?"

"केळं आणि चहा. आता चंद्र उगवल्यावर. पण अहो, चंद्रोदय कुठला धरायचा? इथला की कुवेतचा?"

"आई, इट्स द सेम मून," मुलगी मागून म्हणाली.

"तुला विचारलं नाही. तुझ्या बाबांना विचारतेय. ते शिकलेले आहेत."

"शिकलेला माणूस सांगतोय, गोळी घेतलीस ना, मग नीट खा."

"देवाच्या बाबतीत तुमचं शिक्षण चालत नाही," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

दुपारी हवेलीत शिरल्यावर मुलीनं व्हिडिओ कॉल लावला. एक इअरबड तिच्या कानात, दुसरा आईच्या. त्या जमिनीवर पाय ठेवू देत नाहीत. वरून लोखंडी पूल टाकलेत, कठड्याला धरून खाली वाकून बघायचं. मी इकडे पार पुढे सरकून बसलो होतो.

"थांब. मागे घे. तो गाडीचा बैल दाखव. अगं, हात हलवू नकोस!"

"बाबा, यू आर वर्स दॅन द गाइड."

एका लांबच लांब ओसरीच्या टोकाला एक बाई आहे, तिच्या एका बाजूला हत्ती, दुसऱ्या बाजूला वाघ. ती बाई म्हणजे हिंदुस्थान, असं काही अभ्यासक म्हणतात. मला ती बघायची होती.

"अजून किती पुढे?" बायको म्हणाली. "वर छप्पर आहे, पण आत नुसती भट्टी झालीय."

"टोकाला. आलंच."

ती टोकापर्यंत गेली. "दिसला हो तुमचा हत्ती. बारीकच आहे बिचारा."

"त्याचीही रजा रद्द झाली असेल."

ती हसली. मग म्हणाली, "अहो, मी जरा..."

वाक्य तिथंच राहिलं. चित्र गरकन फिरलं. "आई! आई!" फोन पुलावर पडून कठड्याच्या कडेला अडकला असावा, कारण पडद्यावर एकच जागा दिसू लागली. वाघाचे पुढचे दोन पाय, आणि पंजाजवळ एक दगड निखळलेली खळी. बाजूला धावपळ, लोकांचं इटालियन, मुलीचं रडवेलं इंग्रजी. आणि माझ्यासमोर तो पंजा.

मी ओरडलो, "शुगर उतरलीय! तोंडात साखर घाल! कुणाकडे ज्यूस माग!" मुलगी उत्तर देईना. लोकांशी बोलायला तिनं कानातलं काढून टाकलं होतं. मग लक्षात आलं, खोलीत कुणाचा तरी श्वास ऐकू येतोय. जड, अडखळत येणारा. बायकोचा. तिच्या कानातला इअरबड अजून जागेवर होता. माझं सगळं ओरडणं फक्त तिच्या कानात जात होतं, आणि ऐकून काही करू शकेल अशा अवस्थेत ती नव्हती.

मग मी ओरडायचं थांबलो. "अगं," म्हटलं. "अगं ऐकतेस ना?" पंचवीस वर्षांच्या संसारात तिला काय करायचं तेच सांगत आलो. ते सोडून तिच्या कानात बोलायला माझ्याकडे शब्दच नव्हते. नुसतं अगं, अगं करत राहिलो.

दार वाजलं. शेजारचे चाचा, रत्नागिरीकडचे, फहाहीलला त्यांचं घड्याळांचं दुकान आहे. "काय झाला, भाऊ? जिन्यात आवाज येतोय."

मी फोन दाखवला. त्यांनी पडद्यावरच्या वाघाच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी सांगितलं तसे लगेच खिशातून स्वतःचा फोन काढत म्हणाले, "माझा भाचा इटलीच्या जहाजावर आहे. आत्ता लावतो."

"जहाज कुठं आहे?"

"सिंगापूरला," म्हणाले, आणि फोन हळूच परत खिशात ठेवला.

एवढ्यात माझ्या फोनमध्ये खरखर झाली आणि श्वास थांबला. थांबला म्हणजे कुणीतरी तिच्या कानातून ते काढलं, हे मला नंतर कळलं. तेव्हा नाही कळलं. पाठोपाठ कॉलही तुटला. मी परत लावत राहिलो. नुसती रिंग जात होती. चाचा सोफ्याच्या कडेला बसून तोंडातल्या तोंडात दुआ पुटपुटत होते.

मग मुलीचा फोन आला. आवाज एकदम मोठ्या बाईचा.

"बाबा, आई बोलतेय. इथल्या एका बाईनं तोंडात साखर घातली. अँब्युलन्स आलीय, चेकअपला नेतायत."

"डॉक्टरला सांग, गोळी..."

"सांगितलं."

"उपवासाचं..."

"तेही सांगितलं, बाबा. प्लीज, आता तुम्ही काही सांगू नका. मला तिच्याबरोबर बसायचंय."

"कुठल्या हॉस्पिटलला?"

"माहीत नाही. ठेवू?"

"ठेव," म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

चाचांनी विचारलं, "शुद्धीवर हाय ना?"

"आहे."

"अल्हम्दुलिल्ला. मग बसा आता खाली." मग माझ्या पायांकडे बघून म्हणाले, "पण भाऊ, बूट कशाला घातलेत? कुठं निघाला होतात?"

मी खाली पाहिलं. कामावरचे सेफ्टी शूज होते, दोन्ही पायांत. कधी घातले आठवत नाही. लेससुद्धा घट्ट बांधली होती.