आजोबांना भ्रमिष्ट ठरवलं ती गोष्ट

२०२० साली आयर्लंडमधली बारावी, म्हणजे लीव्हिंग सर्ट, रद्द झाली आणि आमचे मार्क शिक्षकांनीच अंदाजाने द्यायचे ठरले. शाळेने ईमेलमध्ये बजावलं की मार्कांसाठी घरच्या कुणीही शिक्षकांना गाठायचं नाही. गाठलं तर ते वर कळवलं जाईल. मला इंजिनिअरिंगला जायचं होतं आणि सगळं गणितावर अडलं होतं.

आईबाबांना मी तो ईमेल वाचून दाखवला. आजोबांना दाखवायचं कुणालाच सुचलं नाही. ते साताऱ्याहून तीन महिन्यांसाठी आले होते आणि विमानं बंद पडल्याने डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टच्या आमच्या घरात अडकले होते. त्यांनी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं होतं. आणि माझे गणिताचे सर आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर राहायचे.

ज्या सकाळी परीक्षा सुरू व्हायची होती, त्या सकाळी आईने माझ्या हातावर दहीसाखर ठेवली. कुठे जायचं नव्हतं, म्हणून मी जिन्यावरच बसून ती खाल्ली. आजोबांनी मात्र इस्त्रीचा सदरा चढवला, टोपी घातली आणि कुणाला न सांगता सरांच्या दारात नारळ आणि दूध पावडरच्या पेढ्यांचा डबा ठेवला. बेल वाजवून दोन मीटर मागे सरकले, आणि सर बाहेर येताच फुटपाथवर वाकून नमस्कार केला. सर तिशीचेसुद्धा नव्हते. "यू आर ग्रँड, यू आर ग्रँड," म्हणजे इथल्या भाषेत ठीक आहे, ठीक आहे, असं म्हणत त्यांनी दार लावून घेतलं.

"परीक्षेआधी गुरूला नमस्कार करायचा असतो. मार्कांचा 'म'सुद्धा काढला नाही मी," आजोबा घरी येऊन म्हणाले.

तासाभराने मुख्याध्यापिकाबाईंचा फोन आला. सरांनी नारळाचा फोटो पाठवला होता. बाईंनी फार अदबीने विचारलं, "या वस्तूचा अर्थ नेमका काय घ्यायचा?"

मला सांगता आलं असतं. पण सात वर्षांची असताना इथे आल्यापासून मी सगळ्यांना सांगतच होते, कपाळावर काय आहे, डब्यात काय आहे, देव धुतात कशाला. त्या दिवशी कंटाळा आला, आणि भीती त्याहून जास्त वाटली. मी म्हणाले, "आजोबांचं वय झालंय. हल्ली त्यांना काही कळत नाही."

"आह, गॉड लव्ह हिम," बाई कळवळून म्हणाल्या आणि प्रकरण मिटलं.

आजोबा समोरच चहा पीत होते. इंग्रजी त्यांना माझ्या बाबांपेक्षा चांगलं येतं.

"मिटलं?" त्यांनी विचारलं.

"मिटलं."

"मग आता निभावायला हवं."

दुसऱ्या दिवशीपासून त्यांनी मन लावून निभावलं. एका पायात चप्पल, दुसऱ्यात बूट घालून फिरायला जायचे. दिव्याच्या खांबाची विचारपूस करायचे. सर दिसले की डब्लिनच्या डोंगरांकडे बोट दाखवून विचारायचे, "अजिंक्यतारा?" सर रस्त्यापलीकडून म्हणायचे, "इट इज, येह, इट इज." मला हसू यायचं आणि लगेच स्वतःची चीड यायची.

सर माणूस चांगला. त्यांनी आजोबांसाठी लहान मुलांचं बेरजांचं पुस्तक आणून दिलं, मेंदूला व्यायाम म्हणून. दर शुक्रवारी ते तपासायचे. आजोबा जेवणाच्या टेबलावर बसून त्यात चुका करायचे. सात अधिक पाच, तेरा. तो तीन लिहिताना त्यांचा हात थांबलेला मी पाहिला. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि मग लिहिला. त्या दिवशी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, पण बाहेर येऊन सरांना खरं सांगायला गेले नाही.

सप्टेंबरात निकाल आला. गणितात हवे होते तेवढे मार्क होते. आई देवापुढे साखर ठेवायला धावली. आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "आता शहाणं व्हायला हरकत नाही ना?"

"कॉलेजची ऑफर येईपर्यंत थांबा, आजोबा," मी म्हणाले.