तीन पावलांचा माग

भुताखेतांच्या गोष्टी सुरू झाल्या की मला लहानपणापासून झोप यायची... भीती कधी वाटलीच नाही. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माणूस कसा चालतो, कुठल्या पायावर भार देतो, हे बघण्यातच माझा दिवस जातो. त्यामुळे पुढचं वाचून कुणी ‘भास झाला असेल’ म्हणालं, तर मला राग येणार नाही. मीही तेच म्हणाले असते.

माझं माहेर मिरजगावपासून थोडं आत, माळाला लागून असलेल्या वस्तीवर. तिथली शेती माझा मोठा भाऊ बघतो. गेल्या हिवाळ्यात माझी लेक इरा आणि मी चार दिवस तिकडे गेलो होतो. दादाच्या गौरीला आणि इराला एक नवीन वेड लागलं होतं – जनावरांचे माग काढायचं! सकाळी दहिवरानं माती ओली असते, ठसे स्वच्छ उमटतात. ससा कुठून उड्या मारत गेला, काळवीट कुठे थबकलं, हे दोघी ओणव्या होऊन शोधायच्या. मीही त्यांच्यासोबत जायचे. खरं सांगू? मुलींपेक्षा मलाच जास्त मजा येत होती.

त्या सकाळी गौरीला खोकडाचा माग सापडला. खोकड म्हणजे आपला छोटा कोल्हा. दोरी धरून चालावं तशी एका रेषेत इवलीशी पावलं!

“आत्या, ताजी हायेत. पिल्लं असत्याल बघ जवळच!”

दोघी पुढे, मी मागे. आणि बघता बघता धुई उतरली. माळावर ती अशीच येते, अंगावर कुणी दुलई टाकावी तशी. आत्ता समोर दिसणारी इराची लाल टोपी दिसेनाशी झाली. मी हाका मारल्या. उत्तर नाही.

आणि मला एकदम आठवलं – या अंगाला आमची जुनी विहीर आहे. बोअर घेतल्यापासून कुणी तिकडे फिरकत नाही. कठडा केव्हाच ढासळलाय, भोवती कंबरभर गवत. चालणाऱ्याला विहीर दिसतच नाही.

मी पळत सुटले. किती वेळ पळाले, माहीत नाही. तोंडातून ‘इरा’ सोडून काही निघत नव्हतं. मग धुक्यातून दोघी हात धरून समोर आल्या. हसत होत्या!

“आई, किती गोड कुत्रा होता!” इरा म्हणाली. “आम्हाला पुढे जाऊच देईना. सारखा आडवा यायचा. माझा स्वेटर धरून मागे ओढला त्याने.”

“मी दगड उचलला तरी हालंना,” गौरी म्हणाली. “आन् आत्या, तो लंगडी घालत व्हता.”

“लंगडी?”

“व्हय. तीनच पाय व्हते त्याला.”

मी दोघींना छातीशी धरलं.

धुई विरल्यावर दादाला घेऊन आम्ही परत गेलो. गवतामधल्या उघड्या मातीत मुलींची पावलं सरळ विहिरीकडे गेलेली... आणि काठापासून हातभर अंतरावर थांबलेली. पुढे कुत्र्याची पावलं, इकडून तिकडे, पुन्हा इकडे. पुढच्या उजव्या पायाचा ठसा कुठेच नाही. डावा पंजा खोल रुतलेला. एका पायावर सगळा भार घेणारा असाच चालतो, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि ती पावलं विहिरीकडे येताना कुठेच दिसत नव्हती. काठाजवळच सुरू होत होती, काठाजवळच संपत होती.

दादा उकिडवा बसला. एका ठशाशेजारी त्यानं तळहात टेकवला.

“शैले,” तो म्हणाला, “खंड्या हाय ह्यो.”

खंड्या दादाचा कुत्रा. दादा शाळेत असताना ट्रॅक्टरखाली खंड्याचा पुढचा उजवा पाय गेला. घरचे म्हणाले, आता जगत नाही. दादानं त्याला खांद्यावर घेऊन डॉक्टरकडे नेलं, रात्री स्वतःच्या गोधडीत झोपवलं. खंड्या जगला, म्हातारा होऊन गेला. दादानं त्याला विहिरीजवळच पुरलं. तेव्हा या पोरींचा जन्मही झाला नव्हता.

आम्ही आजूबाजूच्या वस्त्यांवर विचारलं, मेंढरंवाल्यांना विचारलं. तीन पायांचा कुत्रा कुणीच पाहिला नव्हता.

वारा सुटायला लागला, तसं मी म्हणाले, “दादा, एका ठशावर घमेलं पालथं घालू का? निदान राहील तरी.”

त्यानं मान हलवली. “नगं. राहू दी मोकळं. त्याला मी कदी बांधून ठिवलं न्हाई.”

आणि मग माझा तो आडदांड भाऊ उपरण्यात तोंड लपवून रडला. गौरी त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

दुपारपर्यंत ठसे बुजले. दुसऱ्याच दिवशी दादानं विहिरीला जाळी ठोकली. पाय दुखावलेलं एखादं भटकं कुत्रं असेल, मुली घाबरल्या असतील... मी मनाशी सगळं मांडून पाहिलं. काहीच धड बसत नाही.

इराला मात्र यात नवल वाटत नाही. तिला एवढंच लागून राहिलंय. परवाही झोपताना म्हणाली, “आई, आपण त्याला थँक्यू म्हटलंच नाही गं.”