गाडी लागणाऱ्या आईला घेऊन बोटीवर

आमच्या आईला गाडी लागते. नवीन माणसाला तिची ओळख करून देताना हे आम्ही नावापाठोपाठच सांगतो. ती आणि आप्पा राहतात हिर्डोशीला, भोरहून वरंध घाटाकडे जाताना घाटाच्या अलीकडे. भोरच्या बाजाराला जायचं असलं तरी आईची तयारी आदल्या संध्याकाळपासून सुरू होते. जेवण बंद. सकाळचा चहा बंद. पिशवीत लिंबू, आवळासुपारी आणि जुना पेपर. पेपर वाचायला नाही, बुडाखाली घ्यायला. पेपरावर बसलं की गाडी लागत नाही, असं तिला कुणीतरी सांगितलं होतं. ती पेपरावर बसते आणि वाटेतल्या धरणाच्या कडेची वळणं सुरू झाली की तरीही खिडकीबाहेर डोकं काढते.

आणि हिचा नवरा कोण, तर एसटीचा ड्रायव्हर! आप्पांची सगळी नोकरी घाटात गेली. लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी जाताना त्यांनी मोठ्या हौसेने आईला आपल्याच गाडीत, आपल्या मागच्या शीटवर बसवलं होतं. माहेर घाटाखाली, कोकणात. घाट उतरेपर्यंत नव्या नवरीची पार रया गेली. तेव्हापासून ती माहेरी गेली ती पायवाटेने, डोंगर उतरून. पुढे गुडघ्यांनी संप केला आणि माहेर सुटलं. आता तिथे धाकटी बहीण, शांतामावशी, एकटीच असते. तीही थकली आहे. दोघी मोबाईलवर बोलतात आणि फोन ठेवल्यावर आई दारात येऊन घाटाकडे बघत उभी राहते.

आप्पा निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराचा नारळ मांडीवर ठेवून म्हणाले होते, "सगळा तालुका माज्या गाडीत बसला. ही तेवढी सुखानं बसायची ऱ्हायली." हसत म्हणाले, पण मला ते चांगलंच लागलं. या दोघांनी एकदा तरी शेजारी बसून सुखाने कुठेतरी जावं, एवढीच माझी इच्छा होती. माझं नसरापूरच्या चौकाजवळ औषधांचं दुकान आहे. गाडी लागण्याच्या गोळ्या मी रोज विकते, पण आई त्या घेत नाही. "त्यानं झोप येती. झोपूनच जायाचं तर घरी काय वाईट?"

क्रूझची कल्पना पानशेतला सुचली. दिवाळीनंतर मी दोघांना तिकडे जेवायला नेलं होतं. नसरापूरहून वेल्ह्याच्या रस्त्याने जाऊन पाबे घाट ओलांडायचा. रस्ता झकास, डोंगर तर विचारूच नका. आईने मात्र त्यातलं काहीच पाहिलं नाही, कारण ती डोळे मिटून बसली होती आणि दोनदा गाडी थांबवून खाली उतरली. पानशेतला आम्ही लॉन्चमध्ये बसलो. आणि काय सांगू, आईने डोळे उघडले! पाण्यात हात घातला, पलीकडच्या बंगल्यांना नावं ठेवली आणि काठावर आल्यावर कांदाभजी मागितली.

आप्पा विचारात पडले. भजी संपत आल्यावर म्हणाले, "खरं हाय की. पाण्याला कुठं वळणं असत्यात?"

झालं! ड्रायव्हर माणसाने निदान केलं. मीही औषधवाली असून मान डोलावली, हे लिहायला लाज वाटते, पण धरणाच्या पाण्यावर समुद्राची परीक्षा आम्ही घेतली खरी.

आता क्रूझच्या निवडीबद्दल, कारण बरेच जण हेच विचारतात. मुंबईहून निघणाऱ्या क्रूझ पावसाळा सोडून असतात आणि हिवाळ्यात समुद्र त्यातल्या त्यात शांत असतो. लक्षद्वीपपर्यंत जाणाऱ्या लांबच्या फेऱ्या असतात, गोव्याला सोडणाऱ्या असतात आणि नुसतं समुद्रात फिरवून मुंबईलाच परत आणणाऱ्याही असतात. आम्ही शेवटची घेतली, म्हणजे गोव्याहून परतीचे घाट नकोत. बिनखिडकीची खोली स्वस्त पडते; पण मळमळ होत असेल तर खिडकीसाठी जास्तीचे पैसे खुशाल मोजा. भाडं सुट्ट्यांप्रमाणे चढतं-उतरतं आणि जेवण बहुधा त्यातच धरलेलं असतं.

खोली कुठे घ्यायची यावर मात्र आप्पा अडून बसले. मोबाईलवर बोटीचा नकाशा बघून त्यांनी थेट सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या, सगळ्यात पुढच्या खोलीवर बोट ठेवलं.

"हीच घे. मागं बसला की माणूस आदळतो. ज्येला वकारी येती त्येला मी कायम पुढं बोलावला. एवढ्या वर्षांत एक न्हाई चुकला."

आई म्हणाली, "म्या न्हाई येत बाई. एसटी निदान थांबवता तरी येती. तिथं कुठं उतरू?"

"अगं, वळणच न्हाई तर उतरायचंय कशाला?" आप्पा म्हणाले. आईने त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि "बरं" म्हणाली. त्यांच्यासाठी ती हो म्हणाली, हे आम्हाला तिघांनाही कळलं.

जानेवारीत निघालो. पुण्यापर्यंत माझी गाडी, पुढे मुंबईला रेल्वे. आईचा कडकडीत उपास सुरूच होता. तिने बरोबर घेतलेल्या नाचणीच्या भाकऱ्या मी आणि आप्पांनी रेल्वेतच संपवल्या, कारण घरचं शिजवलेलं बोटीवर नेऊ देत नाहीत. हे आधी विचारून घ्या. बंदरावर बरेच तास आधी पोचा, ओळखपत्र हाताशी ठेवा, रांग मोठी असते.

बोट सुटली तेव्हा ऊन कललं होतं. मुंबई हळूहळू मागे सरकत होती. डेकवर मऊ गाद्यांच्या खुर्च्या होत्या. आईने एकीवर पिशवीतला पेपर पसरला, नीट चारी कोपरे सरळ केले आणि त्यावर बसली. शेजारच्या गॉगलवाल्या बाई बघतच राहिल्या. आप्पा आईच्या शेजारी बसले होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं समाधान होतं की मला भरून आलं. मी लांबूनच फोटो काढला. तो आता दुकानाच्या गल्ल्यामागे लावलाय.

रात्री जेवणाचा थाट होता. आईने नुसतं ताक घेतलं. आप्पांनी मात्र दिसेल ते चाखलं, वर दोन वाट्या खीर.

सकाळी मला जाग आली ती खोली झुलत होती म्हणून. पडदा आपोआप पुढे यायचा, मागे जायचा. बोटीचं नाक लाटेवर चढायचं आणि खाली उतरायचं आणि आमची खोली नेमकी त्या नाकावर! आई बाथरूममध्ये जाऊन एकदा मोकळी झाली, चूळ भरली, पदराने तोंड पुसलं आणि बाहेर येऊन वेणी घालायला बसली. तिच्यासाठी हा रोजचाच कारभार.

आप्पा मात्र पलंगाच्या कडेला दोन्ही हातांनी गादी धरून बसले होते. चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम.

"पोरी," ते म्हणाले, "मला हार्टचं काय तरी व्हतंय. म्या वाचत न्हाई आता."

मी हात धरून नाडी बघायला लागले. आईने वेणी अर्धवट सोडली, त्यांच्यासमोर उभी राहिली, नीट निरखून बघितलं आणि म्हणाली, "तोंडाला पाणी सुटतंय?"

आप्पांनी मान हलवली.

"कानामागं गार पडलंय?"

पुन्हा मान हलली.

"काय न्हाई झालं. बोट लागली तुमाला." तिने बादली पुढे सरकवली, एक हात त्यांच्या कपाळावर आणि एक पाठीवर ठेवला. "अडवू नका. येऊ द्या."

आयुष्यभर घाटात स्टिअरिंग धरलेला माणूस लहान मुलासारखा तिच्या हातात डोकं देऊन ओकला. मला हसूही येत होतं आणि रडूही. आई त्यांची पाठ चोळत म्हणत होती, "वकारीनं कोण मरत न्हाई. म्या मेले का?"

बोटीवर दवाखाना असतो. तिथल्या नर्सबाई केरळच्या होत्या, हिंदीत बोलल्या. त्यांनी आप्पांना तपासलं, छातीचं काही नाही म्हणाल्या, गोळी दिली. कुठली खोली, हे ऐकल्यावर मात्र त्या हसल्या. बोट सगळ्यात जास्त हलते ती पुढे आणि वर. मधोमध आणि खालच्या मजल्यावर सगळ्यात कमी. तुम्ही बुक कराल तेव्हा हे एक वाक्य लक्षात ठेवलंत तरी या लेखाचं सार्थक झालं. उपाशी राहू नका, कोरडं काहीतरी थोडं थोडं खा, मोबाईलमध्ये डोकं घालू नका, लांब जिथे पाणी आणि आभाळ मिळतं तिकडे बघा, हेही त्यांनी सांगितलं. गोळी बोट सुटायच्या आधी घ्यायची, आणि बीपी-शुगरची औषधं चालू असतील तर स्वतःच्या डॉक्टरांना विचारून.

उपाशी राहू नका हे ऐकून आई माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजे एवढी वर्सं म्या फुकाट उपास काढलं?" मग नर्सबाईंनी पुढे केलेल्या ताटलीतला टोस्ट उचलून तिने एक तुकडा तोंडात टाकला आणि एक आप्पांना भरवला.

आम्ही खालच्या मजल्यावर, बोटीच्या मध्यावर एका खिडकीपाशी त्यांना बसवलं. आईने आपला पेपर काढून त्यांच्या खाली सरकवला. आप्पा मुकाट त्यावर बसले. एरवी या पेपरावरून त्यांनी तिला किती चिडवलं असेल!

बराच वेळ दोघं लांब बघत बसले. मी पाठीमागे होते. मग आप्पा हळूच म्हणाले, "तुला दर खेपेला असं व्हायाचं?"

"व्हय."

"आन् तरी तू भोरला यायाचीस. पोरीच्या शाळंला, दवाखान्याला."

"मग काय करणार?"

थोड्या वेळाने आईनेच विचारलं, "तुमाला घाटात कदी कसं न्हाई लागलं वो?"

त्यांनी खरंच विचार केला. हात हवेत स्टिअरिंगसारखे धरून बघितले. "मला वळण आदीच ठावं असतंय. गाडी वळायच्या आदी म्या वळलेला असतो. हितं काय कळंना कदी वर जातीय आन् कदी खाली."

"मलाबी कुठं कळायचं?" आई म्हणाली. "मला कोण सांगायचं?"

तक्रार म्हणून नाही, सहज म्हणाली. आप्पांनी तिच्याकडे बघितलं, आणि त्यांचे डोळे भरून आले. ते काही बोट लागल्यामुळे नव्हे.

दुपारनंतर समुद्र निवला. आई मला घेऊन सगळी बोट फिरली, नाचगाण्याचा कार्यक्रम पाहिला आणि सगळ्यात पुढच्या कठड्याशी उभी राहून वारा खाल्ला. आप्पा खाली पेपरावर. परतीचं बंदर दिसेपर्यंत ते तिथून हलले नाहीत.

घरी आल्यावर गावात सगळे विचारायचे, वहिनींना लई तरास झाला का? आई म्हणायची, "मला न्हाई, ह्यांना." आणि आप्पाही चारचौघांत ते कबूल करायचे. मजा आली का, पैसे वसूल झाले का, असं मला तुम्ही विचाराल. खोली चुकली, निम्मी सहल बादलीपाशी गेली आणि तरीही मी ती पुन्हा तशीच काढेन.

कारण होळीच्या आधीची गोष्ट. दुरुस्तीसाठी अधूनमधून बंद असणारा घाट तेव्हा चालू होता. एक दिवस आप्पाच म्हणाले, शांताकडं जाऊन येऊ. आई नको नको म्हणत होती. आप्पांनी तिला बळंच अर्धी भाकरी खायला लावली आणि एसटीत खिडकीशी बसवून स्वतः शेजारी बसले. मी त्यांच्या मागच्या शीटवर, पिशव्या तयार ठेवून.

घाट लागला आणि आप्पा तिच्या कानाशी बोलायला लागले. "आता डावीकडं जाईल. बारकंच हाय. आता सरळ. आता म्होरं मोठं उजवं, धर दांडा. झालं. आता जरा दम खा, मग लागोपाठ दोन हायती." सबंध घाट ते बोलत होते, एक वळण त्यांनी सोडलं नाही. आई प्रत्येक वळणाच्या आधी जराशी कलायची, त्यांच्याबरोबर. तिचे डोळे उघडे होते. तिने पहिल्यांदा तो घाट बघितला.

उतरल्यावर तिचा चेहरा थोडा उतरला होता, एवढंच. मी बरोबर नेलेल्या पिशव्या कोऱ्याच राहिल्या. शांतामावशी अंगणात वाल निवडत होती. तिने मान वर केली, बहिणीला ओळखायला तिला एक क्षण लागला, मग सूप बाजूला टाकून ती उठली.

"अगं बाय! चालत आलीस?"

"न्हाई," आई म्हणाली. "गाडीनं आले. ह्यांच्या संगं."