कातडीखालचे शेजारी

कोणत्याही वस्तूची वरची बाजू न पाहता सबंध आयुष्य काढलेला माणूस अख्ख्या नागपुरात एकच होऊन गेला, आणि तो नेमका आमच्या समोरच्या घरात राहायचा. मी त्यांना काका म्हणायचो, पण नात्याने ते माझे कोणीच नव्हते. ते मेडिकलच्या मुलांना शिकवायचे. कातडी, आतडं, गळ्यातल्या गाठी असल्या गोष्टींचे कागदाहून पातळ काप काढायचे, रंगवून काचेच्या पट्टीवर चिकटवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून पोरांना दाखवायचे, हा त्यांचा धंदा. त्या रंगामुळे त्यांची बोटं बारा महिने जांभळी असत. आमच्याकडच्या सत्यनारायणाला भटजींनी त्यांना हात धुऊन येण्यासाठी दोनदा परत पाठवलं. तिसऱ्यांदा काका त्यांना रंगाची कृती समजावून सांगू लागले, तेव्हा भटजींनी मुकाट्याने शिरा हातावर ठेवला.

काकांचा एकच सिद्धांत होता आणि तो ऐकल्याशिवाय गल्लीतून सुटका नसे. "वरच्या थराची पेशी जन्मते न, तवा पार अडाणी असते गा," ते सांगू लागत. "आपण कातडी व्हावं का आतड्याचं अस्तर व्हावं, तिले काही समजत नाही. खालच्या आधाराच्या पेशी तिले शिकवतात. अन् त्या पांढऱ्या पेशी, ज्याइले तुम्ही नुसत्या पहारेकरी समजता, त्या येऊन विचारपूस करतात, निरोप देतात, मेलेलं उचलून नेतात. तवा कुठं वरची शहाणी होते. अन् नाव कोणाचं? कातडीचं!" हे शेवटचं वाक्य बोलताना त्यांना खरोखर राग यायचा. अंड्यातल्या पिलाच्या पंखाची कातडी काढून पायाच्या आतल्या थरावर ठेवली तर तिच्यावर पिसांऐवजी खवले येतात, असं त्यांनी कुठल्याशा परदेशी मासिकात वाचलं होतं. ते त्यांनी मला केस कापून घेताना इतकं रंगवून सांगितलं की न्हाव्याने कात्री खाली ठेवली आणि तो पाणी प्यायला निघून गेला.

हा सिद्धांत वर्गात ठेवून घरी यावं, तर ते काका कसले. जरीपटक्याच्या बाजारात ते सदरा उलटा करूनच पाहायचे. रंग कोणता, हे घरी आल्यावर त्यांना आपल्याला सांगावं लागे. हॉटेलात गेले की आधी भटारखान्यात डोकावून आचाऱ्याची तब्येत विचारत आणि मग बाहेर येऊन काय मागवायचं ते ठरवत. एकदा गाण्याच्या मैफलीत मी त्यांच्याशेजारी बसलो होतो. गवयाने मोठी तान घेतली तेव्हा हे ढिम्म. मग मध्येच, सगळं शांत असताना, "वाऽ!" म्हणून ओरडले. दाद मागे तंबोरा धरून बसलेल्या मुलीला होती. ती बिचारी इतकी दचकली की तार तुटली आणि गवईबुवा उरलेली मैफल आमच्याकडे रोखून पाहत होते.

अशा माणसाला मुलगी पाहायला न्यायचं नसतं. पण माझे वडील गेलेले, घरात मोठं पुरुषमाणूस नाही, म्हणून आईने काकांना बरोबर घेतलं. स्थळ कन्हानचं होतं, मुलीचे वडील कोळशाच्या खाणीच्या कचेरीत कारकून. पोहे आले, मुलगी आली. तिने मान वर करून माझ्याकडे सरळ पाहिलं आणि मी चमचा जमिनीवर पाडला. खरं सांगायचं तर माझा निकाल तिथेच लागला होता. एवढ्यात आईने मला कोपराने ढोसलं. काकांची खुर्ची रिकामी होती.

काका शेजारपाजारी हिंडत होते. डावीकडची दूधवाली, उजवीकडचा शिंपी, मागच्या अंगणातल्या आजीबाई, सगळ्यांकडे त्यांची चौकशी चालू होती. शिंपी धावतच आला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, "भाऊ, हे जांभळ्या बोटाचे साहेब तुमच्या पोरीबद्दल घरोघरी विचारून राहिले. काही भानगड आहे का?" मुलीच्या वडिलांचा चेहरा पाहण्यासारखा झाला. काका हसतमुखाने परतले तेव्हा मुलीचे वडील दारातच उभे होते. "आमच्या पोरीत खोट हुडकता काय? पोरगी समोर बसली आहे, तिले काहून नाही विचारलं?"

"तिले विचारून काय होते?" काका अगदी निरागसपणे म्हणाले. "वरचा थर कधी आपल्या तोंडानं सांगते का?"

पोहे अर्धे राहिले. परतीच्या बसमध्ये आई काकांकडे पाठ करून बसली. मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि मला रडू येत होतं. काका मात्र माझ्या कानाशी लागून म्हणाले, "पोरगी पक्की आहे. दूधवालीशी कडाकडा भांडते, अन् संध्याकाळी तिच्याच घरी गोडनिंब मांगाले जाते!" कढीपत्त्याला आमच्याकडे गोडनिंब म्हणतात. त्या क्षणी मला तो शब्दही ऐकवेना. आयुष्यात पहिल्यांदा मी काकांशी बोललो नाही, आणि पुढचे आठ दिवसही बोललो नाही.

नवव्या दिवशी दुपारी ती मुलगी आत्याला घेऊन थेट आमच्या गल्लीत उतरली. आमच्या दाराकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. समोर काका ओट्यावर बसले होते, त्यांना म्हणाली, "तुम्ही आमच्या शेजाऱ्यांले विचारलं न, आता मी तुमच्या शेजाऱ्यांले विचारून राहिली." काकांना जो आनंद झाला त्याचं वर्णन मी करू शकत नाही. त्यांनी तिला घरोघर नेलं. नळावरून ज्यांच्याशी आमचा उभा दावा होता, त्यांच्याकडे तर आधी. मी दाराआड उभा राहून माझी अब्रू जाताना ऐकत होतो. मी न्हाणीघरात बेसूर गातो, सायकलचा पंप नेला की परत देत नाही, रांगेत बादली मध्येच घुसवतो. शेवटी त्या दाव्यातल्या काकूच कुरकुरत म्हणाल्या, "पण माझा पाय मोडला होता न, तवा यानंच महिनाभर पाणी भरून दिलं वं. बोलत नव्हता, पण भरत होता." मुलगी हसली. दुसऱ्या दिवशी तिच्या वडिलांचं होकाराचं पत्र आलं.

लग्नात काकांचा एकही फोटो नाही, कारण ते सगळा वेळ मागे आचाऱ्यांजवळ होते. भेट म्हणून त्यांनी लाल मखमली डबीत एक काचेची पट्टी दिली. भरत आलेल्या जखमेच्या कातडीचा काप होता तो. आमच्या घरी सूक्ष्मदर्शक असण्याची शक्यता नव्हती, हे त्यांच्या लक्षातच आलं नाही. स्वयंपाकघरात चहापलीकडे पाऊल न टाकणाऱ्या या माणसाने त्याच महिन्यात आपल्या ओट्यालगत गोडनिंबाचं रोप लावलं. पुढे ओट्यावर वाळत घातलेल्या लोणच्याच्या फोडींशेजारी काकांनी आपल्या नमुन्यांच्या बरण्या मांडण्यावरून बायकोचं आणि त्यांचं दर आठवड्याला कडाक्याचं भांडण व्हायचं. संध्याकाळी ती वाटी घेऊन त्यांच्या झाडाकडे गेली की काका मला ओट्यावरून ओरडून सांगायचे, "पास झाली रे!"

काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. आमची मुलगी मेडिकलला लागली तेव्हा ती डबी कॉलेजात घेऊन गेली. घरी येऊन म्हणाली, "बाबा, रंग उडाला आहे. वरची कातडी जवळजवळ दिसतच नाही. पण खाली पांढऱ्या पेशींचे जांभळे ठिपके आहेत न, ते अजून गच्च आहेत." मला बसमध्ये कानाशी लागलेले काका आणि नंतरचा तो आठ दिवसांचा अबोला आठवला आणि फार वाईट वाटलं. त्या अबोल्याची माफी मी त्यांच्याकडे कधी मागितलीच नव्हती. बायको तेवढ्यात उठली. काकांच्या घरात आता नवे लोक राहतात आणि सकाळीच तिचं त्यांच्याशी सांडपाण्यावरून जोरदार भांडण झालं होतं. तिने वाटी घेतली, रस्ता ओलांडला आणि झाडाखाली उभी राहून हाक मारली, "ताई, चार पानं तोडू का गोडनिंबाची?" आतून "तोडा न" असं उत्तर आलं. मी खिडकीतून त्या रिकाम्या ओट्याकडे पाहत राहिलो आणि मग, कोणी ऐकत नाही असं पाहून, हळूच म्हणालो, "पास झाली, काका."