कापलेला धुरा

कॉलेजच्या चाचणीत मी लिहिलं होतं, 'धुरा कापला नसेल तर.' झालं! सरांनी लाल भोपळा दिला. "हे गणित आहे की शेती? दिवाळीनंतर नीट सिद्धता आण, नाहीतर विषय बदल." गणित सोडायच्या नुसत्या विचारानं माझा जीव कासावीस झाला.

प्रश्न साधा होता. आलेख एका टोकाला शून्याखाली, दुसऱ्या टोकाला शून्यावर. तर मध्ये कुठेतरी तो बरोबर शून्यावर येतो, हे दाखवा. मला दिसला बोदलकसा तलावाजवळच्या आमच्या धानाच्या बांधीचा धुरा, म्हणजे शेताचा मातीचा बांध. एक टोक पाण्यात, दुसरं वर. मग मधे कुठेतरी माथ्याला पाणी टेकणारच! मला गणित असं डोळ्यांपुढे दिसायचं, लिहिता मात्र यायचं नाही. माझा खोलीतला सोबती नेमका उलटा. गोंदियाच्या व्यापाऱ्याचा पोरगा. चित्र म्हटलं की वैतागायचा, चिन्हं मात्र झरझर उतरवायचा.

दिवाळीत त्याला गावी नेलं. धुऱ्यावर बसून त्यानं पानभर सिद्धता लिहिली. "ले भाई, उतार ले." एवढी चिन्हं बघून मी मान डोलावली.

तेवढ्यात कापणीआधी पाणी सोडायला बाबा आले, आणि माथ्याला पाणी टेकलं होतं नेमक्या त्याच जागी त्यांनी कुदळ घातली. मी ओरडलोच, "अबे, तुही सिद्धता वाहून गेली!" आता धुरा पाण्यावरून एकदम पाण्याखाली जात होता, बरोबरीला कुठेच येत नव्हता. आलेख अखंड हवा, ही अट त्यानं घातलीच नव्हती. मी घातली होती. तिच्यावरच तर भोपळा मिळाला होता!

तो आधी चिडला, मग पान खोडू लागला. संध्याकाळपर्यंत आम्ही भांडत भांडत सिद्धता पुरी केली. चित्र माझं, चिन्हं त्याची.

सुट्टीनंतर सरांनी ती दोनदा वाचली. मग माझा जुना पेपर मागून घेतला आणि स्वतःच्या हातानं भोपळा खोडला. "विषय बदलू नकोस," एवढंच म्हणाले. बाहेर येऊन मी ढसाढसा रडलो.

गावी गेल्यावर बाबांना सगळं सांगितलं. ते हसत सुटले.

"म्या धुरा कापला आन् तू पास झाला?"

"हो बाबा."

"मंग भेतं कायले? म्या तं दरसाल कापतो. तू शिकत राय."